स्कूटीचं लायसन, बुलेटची हौस

तुमचं ड्रायव्हिंग लायसन पाकिटातून काढा आणि एकदा नीट वाचा. फोटो कसा आलाय ते बघून आपण हसतो, पत्त्यातली स्पेलिंगची चूक बघून चिडतो आणि कार्ड परत आत ठेवतो. त्याच कार्डावर वाहनाचा वर्ग लिहिलेली एक छोटीशी ओळ असते, तिच्याकडे मात्र कोणी बघत नाही. कुणाच्या कार्डावर तिथे 'एमसीडब्ल्यूजी' असतं, कुणाच्या 'एमसीडब्ल्यूओजी', कुणाच्या 'एलएमव्ही'. पहिल्या दोघांत फरक फक्त एका 'ओ'चा. त्या 'ओ'पायी चांगल्या घरांना कोर्टाच्या पायऱ्या चढताना मी बघितलं आहे. बावीस वर्षं मी हैदराबादेत विमा कंपनीच्या मोटार दावे विभागात काम केलं, तेव्हा हे कागद रोज हाताखालून जायचे.

निवृत्त झाल्यापासून मंडळातली मुलं मला लायसनचे प्रश्न विचारतात. "मावशी, एलएलआर संपत आलंय, आता काय करू?" (पुण्या-नागपुराहून नव्याने आलेल्यांसाठी: तिकडे ज्याला 'लर्निंग' म्हणतात त्याला इथे एलएलआर म्हणतात.) यंदा मात्र प्रश्न वेगळाच आला. पाडव्याला नऊवारी नेसून, नथ घालून, फेटे बांधून मुलींनी बुलेटवरून मिरवणूक काढायची. गिरगाव आणि डोंबिवलीच्या शोभायात्रांचे फोटो सगळ्यांनी बघितलेले आहेत, मग आपण का नाही? कल्पना मला मनापासून आवडली. मी फक्त म्हटलं, "आधी सगळ्यांची लायसनं दाखवा." अकरा जणींची कार्डं गोळा झाली. त्यातल्या चौघींच्या कार्डावर तो 'ओ' होता. चौघीही उत्तम गाडी चालवतात, त्यातली एक रोज निजामपेटहून गच्चीबावलीला स्कूटरने ऑफिसला जाते. पण कायद्याच्या लेखी त्यांनी बुलेट चालवायची म्हणजे विनापरवाना चालवण्यासारखंच.

हे असं का, ते जरा समजून घेऊ.

आपल्या देशात सगळा कारभार मोटार वाहन कायदा, १९८८ प्रमाणे चालतो. तो १ जुलै १९८९ पासून लागू झाला. त्याच्या कलम १० मध्ये लायसनवर कोणकोणते वर्ग लिहायचे ते दिलं आहे. दुचाकीचे त्यात दोनच वर्ग : विना गिअरची मोटरसायकल आणि गिअरची मोटरसायकल. 'स्कूटर' असा वर्गच नाही. कायद्याच्या भाषेत तुमची ॲक्टिव्हाही मोटरसायकल, शाइनही मोटरसायकल आणि बाजूला सुटी करता येणारी साइडकार लावलेली 'शोले'तली ती गाडीसुद्धा मोटरसायकलच. व्याख्येत साइडकारचा उल्लेख मुद्दाम केलेला आहे. हलकं मोटार वाहन, म्हणजे एलएमव्ही, हा वेगळा वर्ग आहे. त्यामुळे "माझ्याकडे कारचं लायसन आहे, स्कूटीला काय होतंय?" हा युक्तिवाद चालत नाही. ट्रकचं लायसन असलं तरी चालत नाही; त्याची गोष्ट पुढे येईल.

सीमारेषा गिअरची आहे, आकाराची नाही आणि क्लचचीही नाही. आपल्या आजोबांच्या पिढीने गाजवलेली बजाजची चेतक दिसायला स्कूटर, पण डाव्या मुठीत गिअर, म्हणून गिअरवाली. मराठवाड्यात दुधाच्या कॅन लटकवून फिरणारी एम-एट्टी दिसायला लहानखुरी, तीही गिअरवाली. कायनेटिक होंडा आली तेव्हा "गिअर नाही, बायकांची गाडी" म्हणून हसणारे काका मला आठवतात, ती बिनगिअरची. तेलंगणातल्या कुठल्याही गावात भाताची पोती लादून जाणारी टीव्हीएस एक्सएल, तीही बिनगिअरची. आणि गंमत म्हणजे तीच चेतक २०२० पासून विजेवर आली, ती बिनगिअरची. आजोबांची चेतक आणि नातीची चेतक, नाव एक, लायसनचे वर्ग दोन.

आता एक गोष्ट जी मला कायम खटकते. आपला कायदा गिअर बघतो, ताकद बघत नाही. १८ वर्षं पूर्ण झाल्यावर एखाद्याने ९७ सीसीच्या स्प्लेंडरवर टेस्ट दिली की त्याच लायसनवर तो दुसऱ्या दिवशी १,३४० सीसीची हायाबुसा चालवू शकतो. मध्ये एकही पायरी नाही. युरोपात तसं नाही. तिथे ए-वन, ए-टू आणि ए असे टप्पे आहेत. ए-वनला १२५ सीसी आणि ११ किलोवॉटची मर्यादा, ए-टूला ३५ किलोवॉटची, आणि पूर्ण 'ए' वर्ग त्यानंतर, वय किंवा अनुभव वाढल्यावर. आपल्याकडे जिला भारदस्त गाडी म्हणतात ती ३५० सीसीची बुलेट साधारण १५ किलोवॉटची, म्हणजे तिथे नवशिक्याच्या ए-वनमध्येही बसत नाही, ए-टू लागतो. जपानमध्ये सीसीवरून टप्पे पाडलेत, ४०० सीसीच्या वर वेगळं लायसन. आपल्याकडे हा टप्पा आई-बापांनाच घालावा लागतो. कॉलेजात ॲडमिशन मिळाल्याचं बक्षीस म्हणून पहिलीच गाडी ४०० सीसीची देणाऱ्या घरांना माझं एवढंच म्हणणं आहे, की कायद्याने परवानगी दिली म्हणजे हाताला सवय झाली असं नाही.

आता सोळा वर्षांचा घोळ. आठवी-नववीतल्या मुलांना कुठून तरी कळलेलं असतं की सोळाव्या वर्षी बिनगिअरचं लायसन मिळतं. हे अर्धंच खरं आहे. कलम ४ प्रमाणे किमान वय १८. अपवाद आहे तो ५० सीसीपर्यंतच्या इंजिनाच्या मोटरसायकलचा, ती १६ पूर्ण झाल्यावर चालवता येते. त्यासाठी पालकाची लेखी संमती लागते. पण ५० सीसीची गाडी आहे कुठे? ही सवलत सुचली तेव्हा रस्त्यावर लुना होती, टीव्हीएस फिफ्टी होती. नगरच्या कारखान्यातून निघालेल्या लुनांवर आमच्या पिढीतल्या कित्येक मुली कॉलेजला गेल्या. आज शोरूममध्ये उभ्या असलेल्या पेट्रोलच्या सगळ्या स्कूटर १०० सीसीच्या आगेमागे किंवा त्याहून वरच्या आहेत. ॲक्टिव्हा ११० सीसीच्या आसपास, म्हणजे मर्यादेच्या दुपटीहून जास्त. एक्सएलसुद्धा शंभराला टेकलेली. तेव्हा सोळाव्या वर्षी कायदेशीर लायसन मिळालंच तरी त्यावर चालवायला घरात गाडी नसते, आणि जी असते ती त्या लायसनवर चालत नाही.

याचा फटका मुलाला बसतो त्याहून जास्त पालकाला बसतो. २०१९ च्या दुरुस्तीने कायद्यात कलम १९९-ए आलं. अल्पवयीनाने वाहन चालवताना गुन्हा केला तर पालक किंवा गाडीचा मालक दोषी धरला जातो. शिक्षा तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५,००० रुपये दंड, गाडीची नोंदणी १२ महिन्यांसाठी रद्द, आणि त्या मुलाला वयाच्या २५ वर्षांपर्यंत लायसन नाही. "मला न विचारता किल्ली घेतली" असं म्हणता येतं, पण ते सिद्ध करण्याची जबाबदारी पालकावर. न्यायालय सुरुवातीला संमती होती असंच धरून चालतं. पुण्यात १९ मे २०२४ च्या पहाटे कल्याणीनगरला एका भरधाव कारने मोटरसायकलवरच्या दोघांचा जीव घेतला. कार सतरा वर्षांचा मुलगा चालवत होता असा आरोप आहे, आणि त्याच्या वडिलांनाही अटक झाली. ते प्रकरण गाजलं. पण तसंच कलम काचीगुड्याच्या गल्लीत ट्यूशनला ॲक्टिव्हाने जाणाऱ्या नववीतल्या मुलाच्या बापालाही लागू आहे. पंचवीसपर्यंत लायसन नाही म्हणजे इंजिनीअरिंग, पहिली नोकरी, सगळं दुसऱ्याच्या मागे बसून. हे एकदा मुलांना शांतपणे सांगून बघा, मोठ्या दंडाच्या आकड्यापेक्षा हे त्यांना लवकर कळतं.

माझ्या टेबलावर आलेल्या एका प्रकरणाची हकीकत सांगते. नावं, वसाहत, वर्ष काही सांगणार नाही. एकोणीस वर्षांचा मुलगा, कार्डावर बिनगिअरचा वर्ग. मित्राची १५० सीसीची मोटरसायकल घेऊन चहाला निघाला. रस्ता ओलांडणाऱ्या एका वयस्क गृहस्थांना धडक बसली, दोन दिवसांनी ते गेले. त्यांच्या घरच्यांनी मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात दावा लावला. अशा वेळी विमा कंपनी सगळ्यात आधी काय करते? लायसनचा उतारा आरटीएकडून मागवते. कार्डाची झेरॉक्स नाही, मूळ नोंद. त्यात वर्ग स्पष्ट लिहिलेला होता. न्यायाधिकरणाने निकाल दिला, की कंपनीने वारसांना पैसे द्यावेत आणि ते गाडीच्या मालकाकडून वसूल करून घ्यावेत. मालक म्हणजे मित्राचे वडील. त्या संध्याकाळी ते गावातही नव्हते. ते ऑफिसात येऊन माझ्यासमोर बसले आणि एकच वाक्य पुन्हा पुन्हा म्हणत राहिले, "मॅडम, पण त्या मुलाकडे लायसन होतं ना." होतं. दुसऱ्या गाडीचं होतं. त्यांची पॉलिसी चालू होती, हप्ता वेळेवर भरलेला होता, आणि तरी वसुलीची नोटीस त्यांच्याच नावाने निघाली.

या बाबतीत सर्वोच्च न्यायालयाचे दोन निकाल माहीत असावेत. २००४ च्या स्वर्णसिंग प्रकरणात न्यायालयाने सांगितलं, की चालकाकडे योग्य लायसन नव्हतं एवढं म्हणून विमा कंपनीला हात झटकता येणार नाहीत. मालकाने अट मोडली हे कंपनीने सिद्ध करायचं, आणि एका वर्गाचं लायसन असताना दुसऱ्या वर्गाची गाडी चालवली असेल तर तेच अपघाताचं मुख्य कारण होतं का हे न्यायाधिकरणाने तपासायचं. म्हणजे मालकाला वाव आहे. पण २००८ च्या झहरुलनिशा प्रकरणात स्कूटर चालवणाऱ्याकडे जड वाहनाचं लायसन होतं, दुचाकीचं नव्हतं. तिथे न्यायालयाने विमा कंपनीची जबाबदारी मानली नाही. मृताच्या घरच्यांना पैसे कंपनीने द्यावेत पण मालकाकडून वसूल करावेत, असा आदेश दिला. ट्रक चालवता येणाऱ्या माणसाला स्कूटर चालवता येत नाही असं कोण म्हणेल? पण प्रश्न येतं की नाही याचा नसतो, कार्डावर आहे की नाही याचा असतो. निकाल कुठल्या बाजूला लागेल हे प्रकरणावर ठरतं. तो लागेपर्यंत जाणारी वर्षं मात्र दोन्ही बाजूंची जातात.

यात एक पोटप्रश्न आहे, जो घरात कोणी विचारत नाही : गाडी कुणाच्या नावावर? पॉलिसीबरोबर मालक-चालकाचा १५ लाखांचा वैयक्तिक अपघात विमा असतो. तो गाडी ज्याच्या नावावर आहे त्याच्यासाठी असतो, आणि त्याच्याकडे त्या गाडीचं चालू लायसन असेल तरच. बाबांच्या नावावरची गाडी मुलगा चालवतो आणि पडतो, तेव्हा तो १५ लाखांचा आकडा त्याच्यासाठी नसतो. मागून घेतलेल्या गाडीचंही तसंच. २००९ च्या निंगम्मा प्रकरणात दुसऱ्याची मोटरसायकल घेऊन जाणारा तरुण बैलगाडीवर आदळून गेला. मागून घेतलेली गाडी चालवणारा मालकाच्याच जागी उभा असतो, म्हणून कलम १६३-ए खाली भरपाई मिळणार नाही, असं न्यायालयाने म्हटलं. तेव्हा नोकरी लागलेल्या मुलाची गाडी त्याच्याच नावावर घ्या. आणि स्वतंत्र अपघात विमा घ्या, तो फार महाग नसतो. हे मी कंपनीतून निवृत्त झाल्यावर सांगते आहे, यात माझं कमिशन नाही.

आता पुन्हा आपल्या मुलींकडे. त्या चौघींच्या कार्डावर बिनगिअरचा वर्ग आला कसा? चौघींनीही सांगितलेलं कारण एकच : एजंट म्हणाला, "मॅडम को गिअर का क्या करना?" आणि घरचेही हो म्हणाले. टेस्टला ॲक्टिव्हा नेली, कार्ड आलं. मुलग्यांच्या अर्जावर न विचारता गिअरच्या खुणेवर टिक होते, मुलींच्या अर्जावर न विचारता बिनगिअरच्या. मला यात दुष्टपणा दिसत नाही, पण आळस नक्की दिसतो. कायद्याने यावर सोपा उपाय दिलेला आहे. कलम ९ प्रमाणे टेस्ट ज्या प्रकारच्या गाडीसाठी अर्ज केला त्याच प्रकारच्या गाडीवर द्यायची असते, पण जो गिअरच्या मोटरसायकलवर पास होतो तो बिनगिअरच्या टेस्टमध्येही पास झाला असंच धरलं जातं. उलट मात्र होत नाही. तेव्हा पहिल्यांदाच लायसन काढणाऱ्या प्रत्येकीने आणि प्रत्येकाने गिअरचाच वर्ग मागावा. महिनाभर भावाची स्प्लेंडर घेऊन कॉलनीत चकरा मारल्या की काम होतं.

पद्धत अशी. स्लॉट ऑनलाइन घ्यायचा, आपल्या भागाच्या आरटीए कार्यालयाचा. शहरात खैरताबाद, तोलीचौकी, मलकपेट, बंडलगुडा, तिरुमलगिरी अशी कार्यालयं आहेत, आयटीवाल्या भागाला कोंडापूर. एलएलआरसाठी संगणकावर २० प्रश्न, त्यातली १२ उत्तरं बरोबर यायला हवीत. रस्त्यावरच्या खुणांची पुस्तिका एक संध्याकाळ वाचली की जमतं, पण न वाचता गेलेले हुशार लोक नापास झालेले मी बघितले आहेत. वय चाळिसापुढे असेल तर डॉक्टरचं प्रमाणपत्र लागतं. एलएलआर सहा महिने चालतं आणि ते हातात आल्यापासून ३० दिवस झाल्याशिवाय पक्क्या लायसनची टेस्ट देता येत नाही.

एलएलआरच्या काळातले नियम मुलं सरसकट मोडतात, म्हणून थोडं थांबून सांगते. गाडीला पुढे आणि मागे पांढऱ्यावर लाल 'एल' हवा. पाटी किमान १८ सेंटिमीटर चौरस आणि अक्षर किमान १० सेंटिमीटर उंच. नंबर प्लेटच्या कोपऱ्यात खडूने काढलेला एल हा एल नव्हे. आणि मागे कुणाला बसवायचं असेल तर फक्त शिकवणाऱ्याला, ज्याच्याकडे त्या गाडीचं पक्कं लायसन आहे. मैत्रिणीला मागे बसवून टँक बंडवर आइस्क्रीम खायला जाणं एलएलआरवर बसत नाही.

टेस्टची शहरातली मोठी जागा म्हणजे नागोलचा ट्रॅक. दुचाकीला आठाच्या आकड्यात फिरवतात, पाय जमिनीला टेकला की संपलं. आठ काढताना मुलं पुढच्या चाकाकडे बघतात आणि तिथेच गडबड होते. नजर जिथे वळायचं तिथे हवी. पहिल्या गिअरमध्ये अर्धा क्लच दाबून, मागचा ब्रेक हलका धरून गाडी हळू चालवायची सवय करा, बाकी काही लागत नाही. नापास झालात तर सात दिवसांनी पुन्हा येता येतं. तीनदा नापास झालं तर ६० दिवस थांबावं लागतं.

आपल्या चौघींना नवीन लायसन काढायची गरज नाही. असलेल्या लायसनमध्ये वर्ग वाढवून मिळतो, कलम ११ त्यासाठीच आहे. गिअरच्या वर्गाचं एलएलआर, ३० दिवस, टेस्ट, आणि त्याच नंबरच्या लायसनवर नवा वर्ग. दोघींनी मागच्या आठवड्यात स्लॉट घेतले. पाडव्याला अजून वेळ आहे.

पाडव्याचा विषय निघालाच आहे तर फेट्याचंही बोलून घेऊ. दुचाकीवर चार वर्षांवरच्या प्रत्येकाला हेल्मेट सक्तीचं आहे, चालवणाऱ्याला आणि मागे बसणाऱ्यालाही. सूट आहे ती पगडी घातलेल्या शीख व्यक्तीला. फेटा कितीही घट्ट बांधला तरी तो त्या सवलतीत येत नाही, आणि शोभायात्रेला वेगळं कलम नाही. मूळ कायद्यात हेल्मेट नसल्याचा दंड १,००० रुपये आहे आणि तीन महिने लायसन निलंबित होऊ शकतं. जागेवर भरायच्या तडजोडीच्या रकमा मात्र राज्य सरकार ठरवतं, आणि २०१९ चे वाढीव दंड तेलंगणाने तेव्हा लगेच स्वीकारले नव्हते. तेव्हा व्हॉट्सॲपवर फिरणारे महाराष्ट्राचे दंडाचे तक्ते इथे लावू नका. मी मुलींना सुचवलंय की मिरवणुकीत हेल्मेटवरच फेट्याचं कापड गुंडाळूया. यावर घराघरांत चर्चा चालू आहे. सासवा अनुकूल आहेत, मुलींना ते दिसायला बरं वाटत नाही.

ज्यांच्या घरात तान्हं मूल आहे त्यांच्यासाठी एक वेगळी गोष्ट. नऊ महिने ते चार वर्षं वयाच्या मुलाला दुचाकीवर नेताना चालवणाऱ्याला बांधणारा सुरक्षा पट्टा आणि मुलाच्या मापाचं हेल्मेट लागतं, आणि वेग ताशी ४० किलोमीटरच्या आत. फेब्रुवारी २०२३ पासूनचा नियम आहे. शाळेच्या दारात मी अजून एकही पट्टा बघितलेला नाही.

विजेच्या गाड्यांमुळे नवा गोंधळ झालाय. "हिला लायसन लागत नाही" असं विक्रेता सांगतो आणि आजी-आजोबा नातवाला घेऊन देतात. लायसन लागत नाही ती गाडी वेगळी : मोटरची ताकद २५० वॉटपेक्षा कमी, वेग ताशी २५ किलोमीटरपेक्षा कमी, बॅटरी सोडून वजन ६० किलोच्या आत. या तिन्ही अटी पाळणारी गाडी कायद्याने मोटार वाहनच नाही. त्यापलीकडची प्रत्येक विजेची स्कूटर मोटार वाहन आहे. तिला नंबर प्लेट, विमा आणि चालवणाऱ्याला लायसन, सगळं लागतं. क्लच-गिअर नसल्याने तिला बिनगिअरचा वर्ग पुरतो. ओळखायची सोपी युक्ती म्हणजे कागदपत्रं मागणं. वेग ६० दाखवते आणि नोंदणी नाही म्हणतात, तर तिथून उठा.

लायसन असलं म्हणजे सगळे रस्ते मोकळे असंही नाही. आपल्या १५८ किलोमीटरच्या आउटर रिंग रोडवर दुचाकीला बंदी आहे. बाजूच्या सर्व्हिस रोडने जायचं. शनिवारी पहाटे राइडला निघणाऱ्या मंडळींना हे माहीत असतं. पण गूगल मॅपवर कारची खूण ठेवून निघालेले नवखे टोलनाक्यावरून परत फिरतात.

महाराष्ट्रातून शिकायला किंवा नोकरीला आलेल्यांचा नेहमीचा प्रश्न : तिकडचं लायसन इथे चालतं का? चालतं. लायसन आणि एलएलआर दोन्ही भारतभर वैध आहेत. गाडीचं मात्र तसं नाही. दुसऱ्या राज्यातली गाडी १२ महिन्यांहून जास्त इथे ठेवली तर इथली नोंदणी घ्यावी लागते, त्यासाठी तिकडच्या आरटीओचं ना हरकत प्रमाणपत्र लागतं. एमएच पाटीचं आपल्याला प्रेम आहे, पण टीजी लावावी लागते. (माझ्या स्वतःच्या हयातीत मी एपी, टीएस आणि टीजी अशा तिन्ही पाट्या बघितल्या.) कार्ड घरी विसरलं तर घाबरू नका, डिजिलॉकरमधलं किंवा तेलंगणाच्या आरटीए एम-वॉलेटमधलं लायसन पोलिसांनी मान्य करायचं असतं. व्हॉट्सॲपमध्ये ठेवलेला कार्डाचा फोटो म्हणजे डिजिलॉकर नव्हे.

डिसेंबरात निम्मं मंडळ गोव्याला असतं. तिथे भाड्याची दुचाकी घेताना पाटी बघा. भाड्याने द्यायची परवानगी असलेल्या गाडीला काळ्या पाटीवर पिवळे आकडे असतात. पांढऱ्या पाटीची गाडी कोणी शंभर रुपये कमीने देत असेल तर ती कुणाची तरी खासगी गाडी आहे, आणि काही झालं तर विम्याचा वर सांगितलेला सगळा घोळ तिथे सुट्टीत होतो. तिथेही वर्गाचा नियम तोच : हिमालयन मागताना कार्डावरचा 'ओ' आधी बघा.

राहिली परदेशी जाणारी मुलं, आणि ती आता प्रत्येक घरात आहेत. इथल्या आरटीएकडून आंतरराष्ट्रीय परमिट मिळतं, एक वर्षापर्यंतचं. पण मूळ लायसनवर दुचाकीचा वर्ग नसेल तर परमिटवरही तो नसतो. बालीत किंवा थायलंडमध्ये स्कूटर भाड्याने घेणारे बरेचदा फक्त कारच्या लायसनवर गेलेले असतात, आणि मग प्रवास विम्याची कंपनीही लायसनचा वर्ग विचारतेच. अमेरिकेत मोटरसायकलचा वर्ग कारपासून वेगळा असतो. कॅलिफोर्नियात त्याला एम-वन म्हणतात, मोपेडला एम-टू. तिथे गेल्यावर त्या त्या राज्याची परीक्षा द्यावी लागतेच, पण इथून गिअरच्या गाडीवर हात बसवून गेलेल्याला ती सोपी जाते. ऑगस्टात विमान असेल तर मे महिन्यातच वर्ग वाढवायला घ्या. व्हिसाच्या धावपळीत सगळं पुढेमागे करता येतं, एलएलआरचे ३० दिवस कमी करता येत नाहीत.